शाळेत आरोग्याचा सर्व्हे घ्यायचाय? आधी सरांना चहाला पाठवा

नववीच्या वर्गात लेकरं फॉर्म भरायलीत आणि वर्गशिक्षक बाकांमधून फेऱ्या मारायलेत, मग तंबाखूच्या प्रश्नाला सगळीकडं "नाही"च येणार की. म्हणून सर बाहेर. कागदावर नाव नको, हजेरी नंबर नको, आणि फॉर्म तुम्ही हातात घेऊच नका, दाराजवळ खोकं ठेवा, दुमडून त्यांनीच टाकायचा, आणि हे सुरुवातीलाच मोठ्यानं सांगायचं. पालकांची संमती आणि मुख्याध्यापकांची परवानगी आठवडाभर आधी घ्या.

प्रश्न मनानं बनवू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा जीएसएचएस म्हणून 13 ते 17 वयाच्या विद्यार्थ्यांचा सर्व्हे आहे, त्याची प्रश्नावली नेटवर आहे, तीच घ्या. त्यात काळ बांधून विचारतात, म्हणजे मागच्या 7 दिवसांत किती दिवस किमान 60 मिनिटं खेळलास, असं.

पण भाषा आपली करा. आमच्या फॉर्मवर "तंबाखूजन्य पदार्थ" असं लिहिलं होतं, तर ट्रायलला आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, मिसरी धरायची का यात?" ती दात घासायलाच लावते म्हणे, आजीसोबत. तेव्हापासून मिसरी, गुटखा, मावा, विडी असं एकेक नाव घालून विचारतो. 2019 च्या जीवायटीएस या शाळकरी मुलांच्या तंबाखू सर्व्हेत देशात 13 ते 15 वयाची 8.5 टक्के मुलं तंबाखू घेणारी निघाली होती, त्यामुळं तुमच्या शाळेत शून्य आलं तर खूश होऊ नका, सर खिडकीत उभे होते का ते बघा.

लोक फक्त वाईट सवयी मोजतात, आणि लेकराला सावरणारं काय आहे ते राहून जातं. घरी त्याची अडचण समजून घेतात का, रिकाम्या वेळात ते कुठं असतं हे घरी माहीत असतं का, वर्गातली पोरं नीट वागतात का, जिवाभावाचे मित्र किती. इथं "आई-बाबा" एवढंच लिहू नका. बीडकडं दिवाळीच्या आगेमागे आई-बाप ऊसतोडीला जातात, लेकरू आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतं, ते काय टिक करणार? "तुला सांभाळणारं घरचं मोठं माणूस" लिहा. आणि बरीच लेकरं बरोबरच जातात, म्हणून जानेवारीत सर्व्हे घेतला तर नेमकी तीच सुटतात. जुलै-ऑगस्ट बरा. पटावर किती अन् हजर किती, हे दोन्ही आकडे लिहून ठेवा.

फळ्यावर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 लिहा, पुसू नका. एखादं लेकरू नंतर येऊन लैंगिक अत्याचाराचं सांगायला लागलं तर तिथं गुप्तता चालत नाही, पोक्सो कायद्याप्रमाणं पोलिसांत कळवावंच लागतं.

रिपोर्टमध्ये गावाचं नाव टाकू नका. वर्गात सातच मुली असतील तर त्यांचा आकडा वेगळा दाखवू नका, गावात दुपारपर्यंत कळतं कोण ते.