बाकी न घेता उतरू नका: प्रार्थनेत देवाचं ऐकायचं कसं

एसटीत मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीचशी दौंडकडच्या गाड्यांवर. सुटे नसले की तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायची आमची पद्धत. "उतरताना आठवणीने घ्या" असं दोनदा ओरडून सांगायचो, तरी रोज दोन-चार जण तसेच उतरून जायचे. प्रार्थनेत मीही कित्येक वर्षं तेच केलं. डोळे मिटले, मुलाची नोकरी, बायकोची शुगर, घराचा हप्ता एका दमात सांगितला, आमेन म्हटलं आणि उठलो. देवाला काही बोलायचं असेल, हे डोक्यातच आलं नाही. आता आमच्या चर्चच्या मंडळीतली पोरं विचारतात, "काका, देवाशी बोलायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" त्यांना सांगतो तेच इथे लिहितो. पाळकसाहेब जास्त नीट सांगतील, हे आपलं कंडक्टरचं.

आधी जागा ठरवा. कुठलीही चालेल, पण रोज तीच. पहाटेची ड्यूटी असायची तेव्हा माझी जागा म्हणजे स्वयंपाकघरातला पाट, शेजारी चहाचं आधण. पंधरा मिनिटं पुरतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत. बायबल मोबाईलमध्येच आहे, ही सबब मीही सांगून झालोय. तिसऱ्या मिनिटाला माणूस व्हॉट्सअॅपवर असतो.

स्वतःचं सुरू करण्याआधी बायबलमधलं एक स्तोत्र वाचा, आपल्या कानाला ऐकू येईल इतपत मोठ्याने. स्तोत्रं 150 आहेत. नवीन माणसाला मी तेरावं देतो. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनातच चारदा विचारलंय की देवा, हे कुठवर चालायचं, मला विसरलास का? शेवटी तोच माणूस गायला लागतो. अठ्ठ्याऐंशीव्यात तर तेही नाही, ते अंधारातच संपतं. पवित्र शास्त्रातच देवाशी इतकं रोखठोक भांडलंय म्हटल्यावर आपण कशाला गोड गोड बोलायचं?

मग आपलं बोला, घरी बोलता त्याच भाषेत. आमच्यात काही जण प्रार्थनेला उभे राहिले की आवाजच बदलतात. "हे परमदयाळू, सर्वसमर्थ" इथवर झोकात जातात आणि पुढे अडतात. केडगाव आमच्या वाटेवरचं. तिथल्या पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून सोप्या मराठीत. त्या 1922 साली गेल्या, ते छापून पुरं झालं 1924 साली. देवाचं बोलणं आपल्यापर्यंत सोपं होऊन यावं म्हणून या बाईंनी एवढी वर्षं घातली, आणि आपण त्याच्याशी बोलताना शब्द अवघड करतो. बायबलमधल्या हन्नाला देवाकडे मूल मागताना तर शब्दही फुटत नव्हते. नुसते ओठ हलत होते, एली याजकाला वाटलं बाई दारू प्यायली आहे. तरी तिचं ऐकलं गेलं.

आता खरी अवघड गोष्ट. बोलून झालं की लगेच आमेन म्हणू नका. तीन मिनिटं गप्प बसा. पहिल्या आठवड्यात दूधवाल्याचा हिशेब आठवेल, गुडघा दुखेल, झोप लागेल. लागू दे. हाताशी वही ठेवा आणि परत परत डोक्यात येतं तेवढंच तारीख घालून लिहा, आम्ही वे-बिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरायचो तसं, एका ओळीत. बऱ्याच दिवशी काहीच येत नाही. तेव्हा नुसती तारीख टाका.

आलेलं देवाचं की आपल्याच मनाचं, हे कसं ओळखायचं? त्याच हन्नाच्या मुलाला, लहानग्या शमुवेलाला, तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो एलीकडेच धावला. हाक देवाची आहे, हे म्हाताऱ्याला कळलं. म्हणून एकट्याने ठरवू नका. शास्त्राशी जुळतं का बघा, आणि तुमची हांजी हांजी न करणाऱ्या एका माणसाला विचारा. मला सोयीचं तेच ऐकू आलं, तर मी आधी संशय घेतो.

माझ्या वहीत एका पावसाळ्यात अकरा वेळा धाकट्या भावाचं नाव आलं. बांधावरून आमचं चार वर्षं बोलणं बंद होतं. मला ते नाव नको होतं. मी पान उलटायचो. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं वचन मला तोंडपाठ होतं, शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलच्या वर्गात, त्यावर बक्षीसही मिळालेलं. बायकोला वही दाखवली. ती म्हणाली, "अजून किती वेळा सांगायचं त्याने?" त्या संध्याकाळी फोन लावला. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही. कांद्याच्या भावावर वीस मिनिटं बोललो.

रविवारच्या उपासनेलाही हीच नजर ठेवा. एकदा पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक भागापुढे बाण काढा: आपण बोलतोय तर वर, देव बोलतोय तर खाली. गीत, पापांची कबुली, मध्यस्थीची प्रार्थना, दान हे वर. शास्त्रवाचन, क्षमेचं आश्वासन, शेवटचा आशीर्वाद हे खाली. उपदेश खाली धरायचा, निदान तशी आशा असते. माझ्या लक्षात आलं की खालच्या बाणांच्याच वेळी मी घड्याळ बघत होतो.

आशीर्वादाला तर निम्मी मंडळी दाराकडे सरकलेली असते. तेवढं थांबा, हात पुढे धरून. चपला कुठे जात नाहीत. माझ्या एकदा गेल्या होत्या, ती गोष्ट वेगळी.