सोल्डर वायर घेताना नेमकं काय पाहायचं

फवारणी पंपाचा चार्जर, वावरातली झटका मशीन, बंद पडलेला एलईडी बल्ब असं काहीबाही घरीच खोलून दुरुस्त करणारी पोरं आता आपल्या इकडे गावोगावी आहेत, पाहून लई बरं वाटते. पण तापवायची सोल्डरिंग आयर्न निवडून घेतात अन् जोड द्यायला वितळवतात ती सोल्डर वायर मात्र दुकानदार देईल ती. भाऊ, टाका म्हणजे जोड धरते ते वायरीनं, त्यामुळे आधी वायर नीट पाहा.

रिळावर कथील अन् शिशाचं प्रमाण लिहिलेलं असते, म्हणजे ६३/३७ किंवा ६०/४०, पहिला आकडा कथलाचा. नवशिक्यानं डोळे मिटून ६३/३७ घ्यावी. ती १८३ डिग्रीला एकदम वितळते अन् थंड होताना एकदम घट्ट होते, मधात लगदा होत नाही, म्हणून हात जरासा हलला तरी टाका कच्चा राहायची भीती कमी. ६०/४० पण चांगलीच, १८३ ते १९० च्या मधात थोडी मऊ राहते एवढंच, तेवढा वेळ हात स्थिर ठेवायचा. कथील शिशापेक्षा बरंच महाग आहे, म्हणून स्वस्त मालात कथीलच कमी करतात, मग ४०/६० सारखी वायर वितळायला २३५-२४० डिग्री लागतात, २५ वॅटची साधी आयर्न जाड पिनेवर थकून जाते अन् तापवता तापवता बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडते. ज्या रिळावर प्रमाणच लिहिलं नाही ते घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

लेड-फ्री म्हणजे बिनशिशाची वायर २१७ ते २२७ डिग्रीला वितळते अन् तिचा चांगला टाका पण मळकटच दिसते. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या इलेक्ट्रॉनिक मालात शिशावर बंधन आलं, त्यामुळे कंपनीच्या बोर्डावर हीच सापडते. शिकताना मात्र तिच्या मागं लागू नका.

आता वायरीच्या पोटातलं फ्लक्स, म्हणजे टाका नीट पसरावा म्हणून भरलेली राळ. ब्लेडनं वायर तिरपी कापा अन् टोक उजेडात धरा, मधात पिवळसर ठिपका दिसला पाहिजे, ती राळ. घरी आणल्यावर साफ तांब्याच्या तारेवर लावून पाहा, चांगली वायर पाण्यावानी पसरते, अन् गोळी होऊन बसली, धूर पण आला नाही, तं समजा तिथं राळ पोचलीच नाही. पत्र्याच्या अन् नळाच्या कामाची ॲसिडवाली वायर किंवा नवसागर बोर्डाला अजिबात लावू नका. टाका त्या दिवशी झकास दिसते पण खाली राहिलेलं ॲसिड पावसाळ्यात ओल धरते अन् तांबं हिरवं पडून पट्टी खाऊन टाकते.

जाडी ०.८ मिमी घ्या, बहुतेक कामं त्यात होतात. मोबाईलच्या बारीक पार्टला ०.५, जाड बॅटरी वायरीला १ मिमी. सुरुवातीला ५० ग्रॅमचं रीळ पुरते.

अन् एक, शिशाचं. जो धूर निघते तो राळेचा, शिशाचा नाही, तरी छातीला वाईटच, खिडकी उघडी ठेवा. शिसं पोटात जाते ते हातानं. सोल्डरिंग करता करता त्याच हातानं खर्रा घोटून तोंडात टाकायची सवय आपल्याकडे खूप पोरांना आहे, ती आधी सोडा, अन् काम झालं की जेवायच्या आधी साबणानं हात धुवा.