समलिंगी पालकांच्या हक्कांबाबत लोकप्रतिनिधीकडून लेखी उत्तर कसे मिळवावे

भारतात दोन स्त्रिया किंवा दोन पुरुष मिळून मूल वाढवत असले, तरी कायद्याच्या लेखी त्या मुलाला एकच पालक असतो. दुसऱ्या पालकाने मुलाला कितीही वर्षे सांभाळले असले, तरी शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर किंवा पारपत्राच्या अर्जावर पालक म्हणून सही करण्याचा अधिकार त्याला आपोआप मिळत नाही. हा प्रश्न खासदार-आमदारांपुढे मांडला की उत्तर बहुधा धर्म आणि संस्कृती यांच्या भाषेत येते आणि कायद्याबद्दल कोणी काही बोलत नाही. ज्यांना कायद्याबद्दलच लेखी उत्तर हवे आहे, मग ते स्वतः पालक असोत, आजी-आजोबा असोत किंवा केवळ मतदार असोत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

पत्र लिहिण्यापूर्वी सध्याची कायदेशीर स्थिती नीट समजून घ्यावी, कारण अर्धवट माहितीवर विचारलेला प्रश्न टोलवणे सोपे असते. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार अविवाहित व्यक्ती एकटी दत्तक घेऊ शकते. मात्र एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे ‘कारा’, यांच्या 2022 च्या विनियमांतील विनियम 5(3) प्रमाणे जोडप्याला दत्तक घ्यायचे असेल, तर सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक संबंध आवश्यक आहेत. समलिंगी विवाहाला मान्यता नसल्याने ही अट समलिंगी जोडप्यांना पूर्णच करता येत नाही. सरोगसीचा 2021 चा कायदा विवाहित जोडप्यांखेरीज केवळ ठरावीक वयोगटातील विधवा आणि घटस्फोटित स्त्रियांना मुभा देतो. त्याच वर्षीच्या सहाय्यित प्रजनन (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याने एकट्या स्त्रीला उपचार घेता येतात, परंतु तिच्या जोडीदार स्त्रीचे मुलाशी कोणतेही कायदेशीर नाते निर्माण होत नाही. उरतो तो पालक व पाल्य अधिनियम, 1890. त्याखाली न्यायालय पालक नेमू शकते. पण हा उपाय प्रत्येक प्रकरणात वेगळा मागावा लागतो, आणि त्या कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलाच्या हिताचा विचार करताना त्याचे वय व लिंग यांच्याबरोबर धर्मही पाहावा, असे म्हटले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी सुप्रियो प्रकरणात समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य केला नाही. ‘कारा’चा वरील विनियम 5(3) घटनाबाह्य ठरवावा, असे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांचे मत होते. इतर तिघांनी ते मान्य केले नाही. तरीसुद्धा न्या. भट यांनी बहुमताच्या निकालपत्रात एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली: एकट्या व्यक्तीने दत्तक घेतलेले मूल प्रत्यक्षात जोडप्याच्या घरात वाढते, अशा वेळी त्या मुलाचे हक्क डावलले जाऊ नयेत, याचा सरकारने आणि ‘कारा’ने विचार करावा. प्रतिनिधीला विचारायचा मुख्य प्रश्न इथेच मिळतो. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या, त्यामुळे निर्णय घेण्याची जबाबदारी आता उघडपणे संसदेवर आणि शासनावर आहे.

पत्र कोणाला लिहावे, याबाबत एक चुकीची समजूत दूर करणे आवश्यक आहे. ‘हा केंद्राचा विषय आहे’ असे आमदार सांगतात, ते पूर्ण खरे नाही. विवाह, अल्पवयीन मुले आणि दत्तक हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, नोंद 5 मध्ये येतात. त्यामुळे विधानसभेलाही त्यावर कायदा करता येतो, फक्त तो केंद्रीय कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची अनुमती लागते. खासदाराकडे अतारांकित प्रश्नाची (ज्याचे उत्तर लेखी मिळते) आणि अशासकीय विधेयकाची (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाची) मागणी करावी. आमदाराकडे तारांकित प्रश्नाची (ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी दिले जाते) किंवा लक्षवेधी सूचनेची मागणी करावी आणि पत्र अधिवेशनाच्या बरेच आधी पोहोचेल असे पाहावे, कारण प्रश्नांच्या सूचना देण्याच्या मुदती अधिवेशनापूर्वीच सुरू होतात.

पत्रात विवाहाच्या हक्काचा मुद्दा आणू नये, असे माझे ठाम मत आहे. तो मुद्दा महत्त्वाचा आहे, परंतु तो आला की प्रतिनिधीला ‘आपली विवाहसंस्था’ या विषयावर दोन परिच्छेद लिहून मोकळे होता येते. त्याऐवजी सर्व प्रश्न मुलाभोवती बांधावेत, उदाहरणार्थ असे: ‘एकट्या व्यक्तीने कायदेशीररीत्या दत्तक घेतलेल्या मुलाचा तो पालक मरण पावल्यास, त्याच घरात मुलाला वाढवणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडे ताबा राहावा यासाठी कायद्यात कोणती दुरुस्ती आपण सुचवाल? सुप्रियो निकालात न्या. भट यांनी केलेल्या सूचनेवर महिला व बालविकास मंत्रालयाने काय कार्यवाही केली, हा प्रश्न आपण सभागृहात विचाराल का?’ दोनच प्रश्न विचारावेत आणि दोन्हींची उत्तरे लेखी मागावीत. मुलाचे नाव, शाळा किंवा छायाचित्र पत्रात कदापि देऊ नये.

उत्तर धर्माच्या आधारे आले, तर धर्मावर वाद घालू नये. लोकप्रतिनिधीला धर्मश्रद्धा असण्याचा अधिकार आहे. त्या श्रद्धेपोटी एखाद्या मुलाला कायद्याचे संरक्षण का नाकारावे, हे सांगण्याची जबाबदारी मात्र त्याचीच राहते. अशा वेळी शबनम हाश्मी प्रकरणातील 2014 चा निकाल उद्धृत करावा. बाल न्याय कायद्याखालील दत्तकाची तरतूद कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला वापरता येते, ज्याला ती आपल्या धर्मात बसत नाही असे वाटते त्याच्यावर तिची सक्ती नाही, हे न्यायालयाने तेथे म्हटले आहे. दुसरे उत्तर संसदेच्याच दप्तरात आहे. कार्मिक, लोकतक्रार, विधी व न्याय विषयक स्थायी समितीने ऑगस्ट 2022 मध्ये पालकत्व व दत्तक कायद्यांवर अहवाल दिला आणि नव्या एकत्रित दत्तक कायद्यात एलजीबीटीक्यूआय समुदायाचाही समावेश असावा, असे सुचवले. या समितीचे अध्यक्ष होते भाजपचे सुशीलकुमार मोदी, ज्यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्यसभेत समलिंगी विवाहाला कडाडून विरोध केला. विवाहाला विरोध करणारा नेता मुलांच्या प्रश्नावर वेगळ्या निष्कर्षाला येऊ शकतो, याचा याहून चांगला दाखला पत्रलेखकाला मिळणार नाही.

विरोधी पक्षांनाही सूट देऊ नये. काँग्रेसने 2024 च्या जाहीरनाम्यात व्यापक विचारविनिमयानंतर समलिंगी जोडप्यांच्या नागरी सहजीवनाला मान्यता देणारा कायदा आणू, असे आश्वासन दिले होते; त्या पक्षाच्या खासदाराला त्या मसुद्यात मुलांचे पालकत्व असेल का, हे विचारावे. सुप्रिया सुळे यांनी 2022 मध्ये समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले होते. लोकसभा विसर्जित झाली की प्रलंबित विधेयके व्यपगत, म्हणजे रद्दबातल, होतात, म्हणून ते पुन्हा मांडावे लागेल.

शासनाने काय केले, हे माहितीच्या अधिकारातून शोधावे. समलिंगी समुदायाच्या हक्कांचा विचार करण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समिती एप्रिल 2024 मध्ये स्थापन झाली आणि त्यानंतर संयुक्त बँक खाते, शिधापत्रिका आणि मृतदेहाचा ताबा यांविषयी सूचना निघाल्या. पालकत्व त्यांत नव्हते. केंद्राकडे करावयाच्या अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. अर्ज का करता, हे सांगण्याचे बंधन नाही, त्यामुळे स्वतःचे कुटुंब उघड होण्याची भीती असलेल्यांनाही हा मार्ग सोयीचा आहे. ‘समितीचे मत काय’ असे विचारू नये. सचिवांमधील चर्चेच्या नोंदी माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(झ) खाली नाकारल्या जाऊ शकतात. म्हणून समितीच्या बैठकांच्या तारखा, मंत्रालयांना पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आणि ‘कारा’शी झालेला पत्रव्यवहार मागावा. राज्य शासनाकडे अर्ज करताना महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा पाळावी.

निवडणुकीच्या काळात वेगळी काळजी घ्यावी लागते. समलिंगी पालकत्वाला धार्मिक कारणाने विरोध करणे हा गुन्हा नाही. मात्र धर्माच्या नावाने मत मागणे हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 123(3) नुसार भ्रष्ट आचरण आहे, आणि यात उमेदवाराच्या धर्माबरोबर मतदाराच्या धर्माचे आवाहनही येते, असे सात न्यायमूर्तींच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी अभिराम सिंग प्रकरणात बहुमताने ठरवले. ते प्रकरण मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या 1990 च्या निवडणुकीतून उभे राहिले होते, म्हणजे उत्तर यायला 27 वर्षे लागली. विलंबाचा हा अनुभव पाहता भाषणाचे चित्रीकरण, तारीख आणि ठिकाण त्याच दिवशी जपून ठेवावे आणि आचारसंहितेच्या भंगाची तक्रार निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ ॲपवर लगेच करावी. निवडणूक याचिका मात्र त्या मतदारसंघातील मतदार किंवा उमेदवारच करू शकतो, आणि तीही निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते.