नेट बंद, बिल चालू: तक्रार करताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचं नेट सलग अकरा दिवस बंद होतं. टीव्हीमागच्या फायबरच्या डबीवर ‘एलओएस’चा दिवा लालभडक लुकलुकायचा आणि मी रोज सकाळी लाइनमनला फोन लावायचो. "काका, आज संध्याकाळपर्यंत होऊन जाईल," हे ठरलेलं उत्तर. शेवटी नेट आलं, पाठोपाठ अख्ख्या महिन्याचं बिलही आलं. तावातावाने कस्टमर केअरला फोन केला, तर पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, सिस्टिममध्ये तुमची एकही तक्रार दिसत नाहीये."

तिचं बरोबर होतं. अकरा दिवस मी लाइनमनशी बोलत होतो, कंपनीशी नाही.

लाइनमनला सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असं समजणं

तो बिचारा दिवसभर खांबावर चढून काम करतो, त्याच्याशी संबंध चांगले ठेवाच. पण तक्रार कंपनीच्या टोल फ्री नंबरवर किंवा अ‍ॅपवर नोंदवायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे त्या तक्रारीचा क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मोबाइलची तक्रार नोंदवायला १९८ वर फोन करायचा. डॉकेट नंबर देणं कंपनीवर बंधनकारक आहे, ती मेहरबानी नाही. "मी वर सांगितलंय सर" या वाक्याला कागदावर काडीची किंमत नसते.

याचा थेट पैशांशी संबंध आहे. सेवेच्या दर्जाबाबत ट्रायचे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) नवे नियम ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. घरचं ब्रॉडबँड किंवा लँडलाइन दुरुस्त व्हायला तीन दिवसांहून जास्त लागले, तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. मोबाइलचं नेटवर्क जिल्हाभर चोवीस तासांहून जास्त गेलं, तर त्या जिल्ह्यातल्या पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना वाढीव व्हॅलिडिटी. पण घरच्या लाइनचे ते तीन दिवस मोजायला सुरुवात होते तक्रार नोंदल्यापासून. माझ्या बाबतीत ती सुरुवात झालीच नव्हती.

दिवा न बघता राउटर बंद-चालू करत बसणं

एलओएस लाल म्हणजे फायबरमधून सिग्नलच तुमच्या डबीपर्यंत पोचत नाहीये. अशा वेळी शंभरदा रीस्टार्ट केलं तरी उपयोग शून्य. आतली तार काचेची असते, केसासारखी. कपाट सरकवताना ती चेपली, मोलकरणीच्या झाडूत अडकली किंवा गच्चीवर उंदराने कुरतडली की संपलं. डबीत खोचलेली पिन उपटून शर्टाला पुसून परत लावायचा मोह आवरा, टोकाला लागलेली धूळ आणि बोटाचा तेलकटपणाही सिग्नल खातो. एलओएस बंद आहे, बाकीचे दिवे हिरवे आहेत, तरी नेट नाही, असं असेल तर मात्र रीस्टार्ट करून बघायला हरकत नाही.

वेगाबद्दल भांडतानाही आपण फसतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२ एमबीच्या आसपासच उतरणार, कारण प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटचा एक बाइट. स्वयंपाकघरात, दोन भिंतींपलीकडे, फोनवर घेतलेली स्पीड टेस्ट कंपनी मानत नाही आणि खरं सांगायचं तर मानूही नये. लॅपटॉपला लॅनची केबल थेट लावा, बाकीची उपकरणं बंद करा, सकाळी, दुपारी आणि रात्री दहाला टेस्ट घ्या, स्क्रीनशॉट ठेवा. रात्रीच वेग पडत असेल तर गोष्ट तुमच्या घराबाहेरची आहे, हे त्यातूनच दिसेल.

"ट्रायकडे जातो" म्हणून दम देणं

कस्टमर केअरवाल्यांना हा दम रोज ऐकू येतो. ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार निवारत नाही. त्यासाठीची पायरी वेगळी आहे आणि बहुतेकांना ती माहीतच नसते: अपील. २०१२च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपिलीय प्राधिकारी, म्हणजे अपील ऐकणारा अधिकारी, ठेवावा लागतो. तक्रार मुदतीत सुटली नाही, किंवा ‘रिझॉल्व्ह्ड’ असा मेसेज आला पण सुटलं काहीच नाही, तर ३० दिवसांत त्याच डॉकेट नंबरवर अपील करा. एक पैसा लागत नाही. निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. पत्ता आणि ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, पार खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.

तिथेही दाद लागली नाही तर दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष आहे, आणि ग्राहक आयोग आहे. "टेलिफोनच्या केसेस तिथे चालत नाहीत" असं सांगणारा एखादा जाणकार हमखास भेटतो. त्याची माहिती जुनी आहे. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेलिग्राफ कायद्याकडे बोट दाखवून तसं म्हटलं होतं खरं, पण फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहक मंचाचा अधिकार मान्य केला. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकीलच हवा असंही नाही. आधी विचारायचं असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

रागाच्या भरात बिल थांबवणं, नाहीतर तडकाफडकी पोर्ट करणं

पोस्टपेडचं बिल थकलं की पोर्टिंग (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं) अडतं, म्हणजे ज्या कंपनीवर राग तिच्याच दारात पुन्हा उभं राहायचं. वादाची रक्कम लेखी कळवा, डॉकेट घ्या.

पोर्टसाठी १९००वर मेसेज केला की आठ अक्षर-अंकांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवसच चालतो. कोड आधी मागवून दुकानात रविवार गाठायचा, हा घोळ नेहमीचा. नंबर घेऊन ९० दिवस झालेले नसतील तर कोड मिळत नाही. प्रीपेडमधला उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, तेव्हा वर्षभराचा रिचार्ज मारून चौथ्या दिवशी पोर्ट करू नका. आणखी एक, खास आपल्याकडचं: टेलिकॉमच्या नकाशात मुंबई वेगळं सर्कल आहे, उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळं. पुण्याचा नंबर मुंबईत पोर्ट करताना तीन नव्हे, पाच कामाचे दिवस धरा.

डबी परत देताना पावती न घेणं

कनेक्शन बंद केल्यावर कोणीतरी पोरगा येतो, डबी पिशवीत टाकतो आणि जातो. दोन महिन्यांनी ‘उपकरण जमा नाही’ म्हणून डिपॉझिट अडकतं. डबीच्या मागचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा, पावतीवर तोच नंबर लिहून घ्या. डिपॉझिट ४५ दिवसांत परत यायला हवं.

प्रीपेडवर न मागता राशिभविष्य किंवा कॉलर ट्यूनचे पैसे कापले जात असतील, तर १५५२२३वरून ती सेवा बंद करता येते. आणि "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल" असा फोन आला तर सरळ कट करा, ट्राय असे फोन करत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

यंदा जूनमध्ये पुन्हा लाल दिवा लागला. आधी टोल फ्रीवर तक्रार, डॉकेट नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच तारखेच्या चौकोनात, मग लाइनमनला फोन. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिजत आला. शिडी लावता लावता जरा नाराजीनेच म्हणाला, "काका, मला सांगायचं ना, वर कशाला तक्रार टाकली?"

"तुझ्यावर नाही रे, वायरवर टाकली," म्हटलं आणि चहा ठेवला.