नोकरी गेली तरी मेडिक्लेम तुटू देऊ नका, काय काय करायचं ते सांगते

मीटिंगला बसवून सांगितलं की महिन्याभरात तुमचा शेवटचा दिवस, तेव्हा डोक्यात आधी आला घराचा हप्ता, मग मुलाची फी, आणि मेडिक्लेम आठवला तो चौथ्या दिवशी, बाबांच्या शुगरच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये उभी होते तेव्हा. आईबाबा, नवरा, मुलगा सगळेच माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत, नवऱ्याचा स्वतःचा धंदा म्हणजे तिकडूनही काही नाही. एचआरला फोन केला तर ती म्हणाली, शेवटच्या दिवशी रात्री बारा वाजता कव्हर बंद. बऱ्याच कंपन्यांत असंच असतं, काही ठिकाणी थोडे दिवस वाढवून मिळतात, पण ते आपलं आपण विचारायचं, कोणी येऊन सांगत नाही.

तर सगळ्यात महत्त्वाचं आधी. हे काम नोटीस पिरियड चालू असतानाच करायचं, नंतर नाही. कारण ग्रुप पॉलिसीतल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच कव्हर) पॉलिसीत जायचा हक्क आहे, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमातच आहे तो, त्याला मायग्रेशन म्हणतात. यात फायदा असा की तुमची जितकी वर्षं सलग कव्हरमध्ये गेली तितका वेटिंग पिरियड, म्हणजे काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, नव्या पॉलिसीत कमी होतो. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपन्या जास्तीत जास्त 36 महिने थांबायला लावू शकतात (एप्रिल 2024 च्या आधी हे 48 होते), म्हणजे तुम्ही तीन वर्षं सलग कव्हरमध्ये असाल तर बीपी-शुगरचं वेटिंग आधीच भरलेलं असतं. फक्त हे जुन्या सम इन्शुअर्डपुरतंच, म्हणजे विम्याच्या जुन्या रकमेपुरतंच, तीन लाखाचं कव्हर होतं आणि आता दहा लाखाचं घेतलं तर वरच्या सात लाखाला घड्याळ पुन्हा शून्यापासून. आणि एकदा का मधे खंड पडला की हे सगळं गेलं, नव्याने पॉलिसी घ्यायची, पहिले 30 दिवस अपघात सोडून काहीच मिळणार नाही, आणि बाबांच्या शुगरसाठी परत तीन वर्षं.

आता माझी चूक सांगते म्हणजे तुमचे दिवस वाचतील. ई-कार्डावर मोठ्या अक्षरात जे नाव असतं ना, ते बऱ्याचदा टीपीएचं असतं, म्हणजे क्लेमचे कागद बघणारी मधली संस्था. मी मायग्रेशनची मेल त्यांनाच पाठवली आणि आठ दिवस वाट बघत बसले. विमा कंपनीचं नाव त्याच कार्डावर खाली बारीक अक्षरात होतं. मेल तिथे करायची, एचआरला सीसीमध्ये ठेवून, आणि अशी साधी लिहिली तरी चालते: "मी अमुक ग्रुप पॉलिसी नंबरखाली, अमुक मेंबर आयडीने, अमुक तारखेपासून सलग कव्हरमध्ये आहे. माझा शेवटचा दिवस अमुक आहे. मला आणि माझ्या कुटुंबाला वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेट व्हायचं आहे, फॉर्म आणि प्रीमियम कळवावा." सोबत एचआरकडून एक पत्र घ्या ज्यात प्रत्येकाचं नाव आणि किती वर्षं कव्हर होतं ते लिहिलेलं असेल. कंपनीने मधे विमा कंपनी बदलली असेल तर आधीच्या वर्षांचाही कागद मागा. ऑफिसचा मेल आयडी बंद व्हायच्या आत हे सगळं स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा, हे विसरू नका.

मायग्रेशन म्हणजे आपोआप हो असं मात्र नाही. विमा कंपनी तब्येतीची माहिती मागते, टेस्ट सांगू शकते, प्रीमियम वाढवून लावू शकते. त्यामुळे मेल गेल्यावर एकीकडे दुसऱ्या कंपन्यांचे कोट पण घेत राहा. त्याच कंपनीत शिरून वर्षाने रिन्यूअलला पोर्ट करून दुसरीकडे जाता येतं, वेटिंगचं क्रेडिट घेऊनच, फक्त अर्ज रिन्यूअलच्या तारखेच्या किमान 45 दिवस आधी करायचा. म्हणून पहिली पॉलिसी मनासारखी नसली तरी धागा तुटू न देणं जास्त महत्त्वाचं, असं माझं मत.

फॉर्म भरताना काही लपवू नका. एक एजंट मला म्हणाला, बाबांची शुगर लिहू नका, प्रीमियम कमी बसेल. त्याचं ऐकलं असतं तर उद्या ॲडमिट झाल्यावर हॉस्पिटलच्या पहिल्याच कागदावर डॉक्टरने लिहिलं असतं, डायबेटिस आठ वर्षांपासून, आणि क्लेम तिथेच अडकला असता. सलग 60 महिने कव्हर झाल्यावर माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक ठरली तर तेव्हाही नाकारतात. मी सरळ बाबांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा टेबलावर मांडल्या आणि एकेक नाव, मिलिग्रॅम, कधीपासून चालू, सगळं लिहून काढलं.

पैसे कुठे वाचवायचे? आईबाबांना आपल्या फ्लोटरमध्ये घालू नका, फ्लोटरचा प्रीमियम सगळ्यात मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो, म्हणजे बाबांच्या वयाचा भाव सगळ्यांना लागतो. त्यांची वेगळी, तुमची वेगळी. दहा-पंधरा लाखाचं कव्हर पाहिजे तर पाच लाखाची साधी पॉलिसी आणि वर पाच लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप (म्हणजे पहिले पाच लाख सोडून त्यावरचा खर्च देणारी जोड पॉलिसी), हे एकाच मोठ्या पॉलिसीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं. पण सुपर टॉप-अपच घ्या, नुसता टॉप-अप नको, कारण टॉप-अप प्रत्येक क्लेम वेगळा मोजतो आणि सुपर टॉप-अप वर्षभराचं सगळं मिळून मोजतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर हेल्थ पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी शून्य झालाय, तेव्हा कोटमध्ये अजून जीएसटी दिसला तर विचारा. एकरकमी जड जात असेल तर महिन्याचा हप्ता आहे का बघा, फक्त तिथे ग्रेस, म्हणजे तारीख उलटल्यावर हप्ता भरायची मुदत, 15 दिवसांचाच असतो.

रूम रेंटची अट मात्र प्रीमियम वाचतोय म्हणून डोळे झाकून घेऊ नका. समजा रोजची मर्यादा 5,000 आहे आणि तुम्ही 8,000 ची खोली घेतली, तर कापतात ते फक्त वरचे तीन हजार नाहीत, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात कापतात, दोन लाखाचे असे खर्च असतील तर सव्वा लाख मिळणार आणि पाऊण लाख खिशातून. औषधं आणि इम्प्लांट या कपातीत येत नाहीत, पण बाकीचं दुखतंच.

बजेट अगदीच कमी असेल तर आरोग्य संजीवनी बघा. सगळ्या कंपन्यांकडे तीच ठरलेली पॉलिसी, अटी सारख्या, त्यामुळे नुसता प्रीमियम लावून बघायचा आणि कोणाचे क्लेम नीट होतात ते विचारायचं. यात प्रत्येक क्लेमला 5 टक्के आपले जातात आणि खोलीची मर्यादा सम इन्शुअर्डच्या 2 टक्के, जास्तीत जास्त 5,000 रोज, हे माहीत असू द्या.

आणि प्रीमियम भरणंच शक्य नाही अशी वेळ असेल तर लाजू नका. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या-केशरीसोबत पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंत, ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्या उपचारांसाठी. घरात कोणी 70 किंवा त्याहून जास्त वयाचं असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड निघतं, आधारवरून. माझ्या आईबाबांना अजून 70 व्हायची आहेत म्हणून आमचं नाही निघालं, पण शेजारच्या आजींचं मीच मोबाईलवर काढून दिलं.

पॉलिसी हातात आली की 30 दिवसांचा फ्री लूक असतो, पटली नाही तर परत करता येते. त्या दिवसांत एकच करा, वेटिंगच्या रकान्यात तुमची जुनी वर्षं धरलीत का ते बघा. आमच्या पहिल्या कागदात बाबांच्या नावापुढे शून्य आलं होतं, एचआरचं ते पत्र परत जोडून मेल केली आणि नऊ दिवसांनी दुरुस्त होऊन आलं.