नाशिकमध्ये भेदभावाची तक्रार द्यायला निघण्याआधी

आधी कायदा कोणता लागतो ते ठरवा, कारण ‘भेदभाव’ नावाचा एकच एक गुन्हा आपल्याकडे नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला या जाती-जमातींबाहेरच्या कुणी जातीवरून अपमानित केलं, मारलं, तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. जात पंचायतीने किंवा गावकीने वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा. त्यात फिर्यादी कोणत्याही जातीचा चालतो. २०१३ मध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला तो नाशिकमध्येच, आणि जात पंचायतींविरुद्धची मोहीम पेटली ती त्यानंतर. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लैंगिक छळ झाला असेल तर दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिने, तेव्हा रेंगाळू नका.

भाड्याच्या खोलीचं प्रकरण जरा किचकट. अस्पृश्यतेच्या कारणाने जागा नाकारली तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा लागतो. फिर्यादी अनुसूचित जातीचा असेल तर कारण अस्पृश्यता हेच होतं असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायचं समोरच्याने. हे कलम फार कमी लोकांना ठाऊक असतं. धर्म किंवा खाणंपिणं विचारून खासगी घरमालकाने हाकललं, तर मात्र सरळ बोट ठेवावं असं कलम सापडत नाही.

मग वही घ्या, आणि त्याच दिवशी. तारीख, वेळ, जागा, कोण कोण उभं होतं, आणि शब्द जसेच्या तसे. ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढंच लिहिलेली फिर्याद वाचली की कपाळावर हात मारावासा वाटतो. कोणती शिवी? कुणी दिली? त्याला तुमची जात माहीत होती का? लिहायला ओशाळल्यासारखं होतं, पण लिहावंच लागतं. ॲट्रॉसिटीत अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. बंद खोलीत, तिसरं कुणी नसताना झालेलं त्या कलमात टिकत नाही. म्हणून चहाच्या टपरीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांची नावं टिपा. कंपनीतल्या सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, ते जपून ठेवण्याची मागणी लेखी करा. व्हॉट्सॲपचा मेसेज मूळ फोनमध्येच राहू द्या. नुसत्या स्क्रीनशॉटने भागत नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र लागतं. मार लागला असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जाऊन नोंद करून घ्या.

जातीचा दाखला हाताशी असला तर काम हलतं. नसला म्हणून फिर्याद अडवून ठेवू नका.

ठाण्यात ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असं सांगितलं जाईल. ॲट्रॉसिटीत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवूनच घेतलं नाही तर शहरात पोलीस आयुक्तांना, तालुक्यात ग्रामीण पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा. पावती फाइलला लावा, पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाताना ती लागते. ॲट्रॉसिटीचा तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही, आणि दोषारोपपत्राची मुदत ६० दिवस. ॲट्रॉसिटीसाठी १४५६६ हा हेल्पलाइन नंबर आहे. वकिलाचे पैसे नसतील तर सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

एक मात्र नक्की होईल. गुन्हा नोंदवला की गावातली, नात्यातली, कधी युनियनमधली वजनदार मंडळी मिटवायला येतील. बहिष्काराच्या प्रकरणात कोर्टाच्या परवानगीने आणि तुमच्या संमतीने तडजोड होऊ शकते, ॲट्रॉसिटीत परस्पर मिटवून खटला संपत नाही. तेव्हा घरात कोऱ्या कागदावर कुणी सही करणार नाही, हे म्हाताऱ्यांना आधीच सांगून ठेवा. आणि धमकी आली तर तीही त्याच वहीत, तारखेसकट.