अतिवृष्टीची मदत: पंचनाम्याआधीची आणि नंतरची तयारी

पाणी ओसरलं की पहिलं काम फोटोंचं. चिखल उपसायच्या, आडवं पीक काढायच्या आधी फोटो घ्या. आपली विहीर, बांधावरचं झाड असं काहीतरी त्यात दिसू द्या आणि लोकेशन चालू ठेवा. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा शेतात स्वतः हजर राहा. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत बसते, म्हणून कागदावर कोणतं पीक, किती क्षेत्र, किती टक्के लिहिलंय ते वाचूनच सही करा आणि त्याचाही फोटो काढा. जनावर दगावलं असेल तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या.

सातबारा मात्र आजच काढून बघा. वडील जाऊन वर्षं झाली तरी वारसनोंद नाही, अशी खाती गावोगाव आहेत आणि तिथंच पैसे अडकतात. फेरफाराला वेळ लागतो, तो पावसाळ्याआधी घाला. सातबारावर सामाईक खातं असेल तर मुंबईचा भाऊ गणपतीला आला की संमतीपत्रावर सही घेऊन ठेवा.

सगळ्यात जास्त माणसं बँकेच्या खात्यावर अडकतात. ‘आधार लिंक आहे’ एवढं ऐकून परत फिरू नका. ‘डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, माझं कोणतं खातं जोडलंय?’ असं विचारा. पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. एखाद्या योजनेसाठी दुसऱ्या बँकेत खातं उघडलेलं असतं, रक्कम तिकडे जमा होते आणि माणूस इकडे पासबुक भरून घेत बसतो. मदतीची यादी सरकारी पोर्टलवर चढली की विशिष्ट क्रमांक मिळतो. तो घेऊन सेवा केंद्रात ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करावी लागते. राबणाऱ्या हातांचे ठसे उमटत नाहीत, तेव्हा आधार केंद्रात ते आधीच अद्ययावत करा. शेतकरी ओळख क्रमांकही काढून ठेवा. २०२५च्या अतिवृष्टीत तो असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली होती.

ही सगळी माहिती एका पानात मावते. ते पान चावडीवर मोठ्या अक्षरात लावायला आणि यादीबाहेर राहिलेल्यांना कारण सांगायला खर्च किती? छपाई, आणि गावात एक दिवस बसणारा माणूस. आज हा खर्च शेतकरी भरतो, तालुक्याच्या भाड्यात आणि बुडालेल्या रोजात. केंद्राच्या २०२२-२६च्या निकषांत जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये होते, म्हणजे एकराला साडेतीन हजारांच्या आतच. खेपा घालण्यातच त्यातला किती पैसा जातो, हे बघून जीव तुटतो.

म्हणून या कामांच्या यादीत शेवटचं काम गावाचं. मंजूर नावं, वगळलेली नावं आणि वगळण्याचं कारण चावडीवर लावावं, असा विषय पुढच्या ग्रामसभेत घेण्यासाठी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.